लोअर आर्मचे बुश: दहा महिन्यांत दुसऱ्यांदा, आता घरीच बदलायचं म्हणतोय

धायरीचा_खडखडाट (शुक्रवार, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. गाडी २०१३ ची, पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १२ हजार किलोमीटर. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की दहाव्या प्रतिसादापासून धागा 'तुमची कंपनी विरुद्ध आमची कंपनी' असा वळतो, हे इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको.

त्रास असा. गेल्या दिवाळीच्या आधी पुढून टक्-टक् यायला लागलं. गतिरोधकावरून उतरताना, ब्रेक दाबला की एकदा, आणि पार्किंगमधून रिव्हर्स घेऊन पुढे निघताना एकदा. गॅरेजमध्ये (नाव विचारू नका) सांगितलं, लोअर आर्मचे बुश गेलेत (आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या चौकटीशी जोडणारा खालचा दांडा, बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर). दोन्ही बाजूंचे मिळून चारही बदलले, आवाज गेला. आता गणपती होऊन पंधरा दिवस झाले आणि तोच आवाज परत हजर. खाली वाकून टॉर्च मारला तर डावीकडच्या मागच्या बुशचं रबर अर्ध्या गोलात फाटलंय, आत बोटाचं नख जाईल एवढी फट. गाडीबरोबर आलेले बुश लाखभर किलोमीटर चालले, हे ११ हजारही नाही.

पुन्हा तेवढेच पैसे मोजायची इच्छा नाही. हाताशी जॅक, पान्यांचा सेट, टॉमी (उचकायची पहार) आणि रविवार एवढं आहे. बुश दाबून काढा-घालायचा प्रेस नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमेल का? आणि मुख्य म्हणजे, मला नकली माल टेकवला का?

कोथरूडचा_आळशी (रात्री ९:५२)

आधी लिंक रॉड (सस्पेन्शनमधली बारकी जोडदांडी) बघा. पुण्यातल्या निम्म्या टक्-टक्‌चं मूळ तिथे असतं आणि निम्मे लोक बुश बदलून बसतात.

धायरीचा_खडखडाट (रात्री १०:०३)

लिंक रॉड हाताने हलवून पाहिला, घट्ट आहे. फाटलेलं रबर डोळ्यांना दिसतंय हो!

सुतळीबॉम्ब (रात्री १०:२०)

दिसतंय म्हणजे आवाज त्याचाच, असं नाही. दोन्ही तपासून घ्या. मी केलं होतं ते सांगते. कुणाला तरी स्टिअरिंगवर बसवा, समोर दहा फूट मोकळं ठेवा. गाडी पहिल्यात टाकून हात-दोन हात पुढे आणि ब्रेक, मग रिव्हर्समध्ये तेवढीच मागे आणि ब्रेक. तुम्ही बाजूला उभं राहून चाकाकडे बघायचं, गाडीखाली नाही आणि गाडीसमोर तर मुळीच नाही. बुश गेला असेल तर ब्रेक लागताना चाक मडगार्डच्या खोबणीत मागे-पुढे सरकताना दिसतं. नंतर गाडी घोडीवर (गाडी उचलून टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) घेऊन आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जोडलेल्या लोखंडी चौकटीच्या) मध्ये टॉमी घालून हलकेच उचकायचं. थोडं हलणं ठीक. लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज आला तर निकाल लागला.

टायर आतल्या कडेने जास्त झिजलाय का, तेही बघा.

धायरीचा_खडखडाट (शनिवार, सकाळी ८:१५)

बायकोला बसवलं, सकाळी सहालाच उरकलं. डावं चाक स्पष्ट मागे जातं. उजवं कमी, पण जातं. टायरही डावा आतून गुळगुळीत. ताई, तुमचं खरं.

निवृत्त_फोरमन (शनिवार, सकाळी ९:०५)

एक प्रश्न आहे, नीट आठवून सांगा. गॅरेजमध्ये बुश बसवून आर्म परत लावला, तेव्हा आर्मचे सबफ्रेमवरचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी लिफ्टवर असताना, की चाकं जमिनीला टेकल्यावर?

धायरीचा_खडखडाट (सकाळी ९:३१)

काका, मी समोरच स्टुलावर बसलो होतो. लिफ्टवर. चाकं लोंबकळत होती, हवेच्या गनने टर्रर्र करून आवळले, चाकं लावली, गाडी खाली, चहा, बिल.

निवृत्त_फोरमन (सकाळी १०:१०)

मग माल नकली असेलच असं नाही. अस्सल बुशही असा बसवला तर लवकर मरतो.

३४ वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात सस्पेन्शनच्या लाइनवर काढली, म्हणून जरा लांबण लावतो. बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. त्यात काही फिरत नाही. बाहेर एक पोलादी बाही, आत एक पोलादी बाही आणि मध्ये दोघींना चिकटवून घट्ट केलेलं रबर. बाहेरची बाही आर्ममध्ये दाबून बसलेली. आतली बाही बोल्ट आवळला की सबफ्रेमच्या दोन पाकळ्यांत चिमटली जाते आणि कायमची स्थिर होते. आर्म वर-खाली होतो तो फक्त रबर पिळलं जातं म्हणून.

आता असं बघा. बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात असेल, तो त्या रबराचा आरामाचा कोन ठरतो. लिफ्टवर चाक लोंबकळत असतं. समजा आर्म ३५ सेंटिमीटर लांब आहे आणि चाक नेहमीपेक्षा ८ सेंटिमीटर खाली आलंय. म्हणजे आर्म साधारण १३ अंश खाली झुकलेला. तिथे बोल्ट आवळला आणि गाडी खाली उतरवली, की पार्किंगमध्ये नुसती उभी असतानाही रबर १३ अंश पिळलेलं राहतं. रात्रभर, महिनाभर. वरून खड्डा आला, चाक आणखी वर गेलं, की पीळ वीस-बावीस अंशांवर. ओला टॉवेल पिळून खुंटीला टांगून ठेवा आणि येताजाता आणखी एक पीळ देत राहा, तसं ते आहे.

लाइनवर आम्ही आर्म ठरलेल्या उंचीला जिगमध्ये (धरून ठेवणाऱ्या साच्यात) धरूनच तो बोल्ट शेवटचा आवळत असू. पंचवीस सेकंदांचं काम. बाहेर ते कोणी करत नाही, कारण गाडी खाली उतरवली की बोल्टला पाना लावायला वाकून आत शिरावं लागतं.

कोथरूडचा_आळशी (सकाळी १०:२६)

माझ्या गाडीचेही गेल्या वर्षी बदललेत. आता मला आवाज यायला लागला. काका, छान झोप उडवलीत.

कात्रज_घाट_रोज (सकाळी १०:४०)

एवढी उठाठेव कशाला? नाना पेठेत पूर्ण आर्म मिळतो, दोन्ही बुश आणि बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) बसवलेला. काढला, घातला, संपलं. बुशच्या चौपट-पाचपट पैसे जातात, पण प्रेस नको, लेथवाला नको.

निवृत्त_फोरमन (सकाळी १०:५५)

सल्ला वाईट नाही. बॉल जॉइंटही ढिला असेल तर मीही तेच सांगेन. फक्त नवा आर्म लोंबकळत्या चाकावर आवळलात तर तोही पुढच्या गणपतीला याच धाग्यावर येईल.

प्राधिकरणातला_पाहुणा (सकाळी ११:१२)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सस्पेन्शन म्हणजे काही वायपरचं रबर नव्हे. चार पैसे वाचवायला गाडीखाली शिरून जीव धोक्यात घालायचा आणि मग तीच गाडी हायवेवर १०० ने पळवायची?

सुतळीबॉम्ब (सकाळी ११:३०)

भीती योग्य जागी ठेवू या. धोका गाडीखाली शिरण्यात आहे, बुशमध्ये नाही. डिकीतला कात्रीसारखा उघडणारा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर बोटसुद्धा आत घालायचं नाही. दोन घोड्या हव्यातच, सिमेंटच्या पक्क्या जमिनीवर, सबफ्रेमच्या किंवा चौकटीच्या ठरलेल्या जागेखाली. मागच्या चाकांना लाकडी अडसर. वीट चालत नाही, फुटते. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवायचं, घोडी सरकलीच तर गाडी त्यावर बसेल. मी हातात पाना घेण्याआधी गाडीला कमरेने धक्का देऊन बघते. हलली तर पुन्हा पहिल्यापासून.

धायरीचा_खडखडाट (सकाळी ११:४५)

घोड्या आणतो. सेक्रेटरींना सांगितलंय. ते म्हणाले, "तेल सांडलं तर फरशी तुम्ही पुसायची, आणि दुपारी दोन ते चार ठोकाठोकी नाही."

प्रेसचं काय करू?

सुतळीबॉम्ब (दुपारी १२:२०)

आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वायसर आणि दोन पाइपचे तुकडे. पहिला तुकडा असा की तो फक्त बुशच्या बाहेरच्या बाहीच्या कडेवर टेकेल. रबरावर किंवा आतल्या बाहीवर जोर आला तर नवा बुश बसवतानाच मेला म्हणून समजा. दुसरा तुकडा पलीकडे आर्मला टेकणारा, आत जुना बुश अख्खा मावेल एवढा रुंद. रॉड मधून ओवायचा आणि नट आवळत जायचं. आट्यांना ग्रीस.

रॉड हाय टेन्साइलचा घ्या. साधा मऊ रॉड अर्ध्या वाटेत आटे सोडतो. हे मी अनुभवाने सांगतेय, हसू नका.

भोसरीचा_लेथवाला (दुपारी १२:५१)

आर्म काढून हातात घेऊन आलात तर प्रेसवर दहा मिनिटांत काढून-घालून होतं, आमच्यासारखे एमआयडीसीत खूप आहेत. पण येताना दोन गोष्टी करा. जुना बुश कोणत्या कोनात बसलाय त्याची आर्मवर आणि बुशवर खूण करा. मागच्या बुशच्या रबरात बहुतेक गाड्यांत दोन पोकळ खाचा असतात, त्यांची दिशा ठरलेली असते. पुढे-मागे थोडं सैल, आडवं कडक, असा हिशेब असतो. पाव फेरी चुकलात तर गाडी डगमगते आणि रबर चुकीच्या बाजूने मार खातं. दुसरं म्हणजे गॅसची बत्ती लावून रबर जाळून आणू नका. धूर विषारी, आणि पत्र्याच्या आर्मला ताव दिला तर त्याची ताकद जाते.

कोथरूडचा_आळशी (दुपारी १:१५)

नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की आपोआप आत सरकतो म्हणे.

निवृत्त_फोरमन (दुपारी १:४०)

हिशेब करा. ४५ मिलिमीटरची पोलादी बाही २७ अंशांवरून उणे १८ वर नेली तर ती सुमारे ०.०२४ मिलिमीटर आक्रसते. एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग. तोटा काही नाही, पण आपोआप आत सरकायला ते पुरणार नाही. आणि आईस्क्रीमशेजारी ठेवणार असाल तर घरच्यांना विचारा.

आर्मचं भोक पॉलिश पेपरने साफ करा, कडेची धार कानशीने मोडा, साबणाचं पाणी लावा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं. यावरून आठवलं, वरून इंजिनचं तेल त्या बुशवर ठिबकत नाही ना, तेही बघून घ्या. मी असे कितीतरी बुश लोण्यासारखे झालेले पाहिलेत.

धायरीचा_खडखडाट (रविवार, रात्री ११:२०)

झालं! म्हणजे जवळपास. सकाळी साडेसातला सुरू केलं, रात्री आठला हात धुतले. गॅरेजवाल्याने हेच अडीच तासांत केलं होतं.

काल टिंबर मार्केटमधून लाकडाचे जाड ठोकळे आणले, बोहरी आळीतून रॉड आणि वायसर, नाना पेठेतून चार बुश, नवे बोल्ट आणि चेक नट. दुकानदाराने जुना बुश मागितला, मापाला. माझ्याकडे फोटो होता. त्याने फोटोकडे असं पाहिलं की जणू मी डॉक्टरला नाडीचा फोटो दाखवतोय. शेवटी गाडीचं साल आणि इंजिन सांगून सुटलो.

डावी बाजू. चाकाचे नट जमिनीवरच सैल केले, मग गाडी घोडीवर. लिंक रॉड सुटला. बॉल जॉइंटला धरणारा नकलमधला (चाक बसतं त्या लोखंडी भागातला) आडवा बोल्ट मात्र गंजून एकजीव झालेला. रात्री आणि सकाळी डब्ल्यूडी-४० मारलं होतं, तरी हलेना. आवळायच्या दिशेने किंचित फिरवला, मग सोडवायच्या, मग पुन्हा आवळायच्या, असं करत चाळीस मिनिटांनी आला. नुसता सैल करून भागत नाही, तो बॉल जॉइंटच्या खोबणीतून जातो म्हणून अख्खा बाहेर काढावा लागतो. हे कळायच्या आधी मी आर्मवर लोंबकळून झालो होतो.

बॉल जॉइंट सुटला की नकल बाहेर झुकतो. तो सुतळीने स्ट्रटला (शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबाला) बांधून ठेवला, नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट आतल्या जॉइंटमधून निसटतो असं वाचलं होतं. ब्रेकचा पाइपही ताणू दिला नाही.

बुश काढताना बाहेरची बाही आर्ममध्ये तशीच राहिली, आतलं रबर फक्त निघालं. हॅक्सॉचं ब्लेड भोकातून ओवून बाहीला आतून एक चीर दिली, आर्मला न लागू देता. तासभर गेला. चीर पडल्यावर छिन्नीने कड आत वाकवली आणि ती पत्र्याच्या डब्यासारखी मिटली.

नवा बुश रॉडने छान गेला. ताई, तुम्हाला दंडवत.

उजवीकडे मात्र घोळ केला. खूण करायला विसरलो. डावीकडचा फोटो समोर ठेवून उजवा बसवला, तसाच्या तसा. तासाभराने काकांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "आरशात बघा." उजवा आर्म डाव्याचं प्रतिबिंब असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुन्हा रॉड, पुन्हा पाइप, परत काढला. जोर फक्त बाहीवर होता म्हणून बुश वाचला.

तेवढ्यात दोन वाजले. दोन ते चार मी पार्किंगमध्ये आर्म मांडीवर घेऊन मुकाट्याने बसलो होतो.

प्राधिकरणातला_पाहुणा (रात्री ११:३५)

शेवटचे बोल्ट?

धायरीचा_खडखडाट (रात्री ११:५८)

तेच लिहितोय, हात दुखतायत. गाडी उचलायच्या आधी काकांच्या सांगण्यावरून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहिलं होतं: डावं ३६.५, उजवं ३६.५ सेंटिमीटर. आर्म लावताना सबफ्रेमचे बोल्ट हातानेच बसवले, डुगडुगणारे. बॉल जॉइंटचा बोल्ट मात्र लगेच पूर्ण आवळला, त्याला उंचीशी देणंघेणं नाही. चाकं लावली. चारही चाकांखाली लाकडी ठोकळे, गाडी पूर्ण वजनाने त्यांवर. बॉनेटवर दोन-चारदा जोर देऊन हलवली, म्हणजे ती आपल्या उंचीला येईल. टेप लावला, ३६.५. मग खाली शिरून टॉर्क रेंचने (ठरल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळले. ठोकळ्यांमुळे हात शिरायला जेमतेम जागा होती. पंचवीस सेकंद नाही काका, पंचवीस मिनिटं लागली.

निवृत्त_फोरमन (सोमवार, सकाळी ६:५०)

शाब्बास. चारही चाकांखाली ठोकळे दिलेत हे योग्य. काही जण घोडीवरच ठेवून आर्मखाली जॅक लावून उंची आणतात. तसं करताना त्या कोपऱ्याचं जवळजवळ सगळं वजन जॅकवर येतं आणि घोडी नुसती शोभेला उरते.

आता अलाइनमेंट करून घ्या. शे-दीडशे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा पान्याने तपासा, पुन्हा ठोकळ्यांवरच.

कात्रज_घाट_रोज (सकाळी ९:२०)

पॉलीयुरेथेनचे का नाही घातले? माझा मित्र शपथेवर सांगतो, आयुष्यभर चालतात.

भोसरीचा_लेथवाला (सकाळी ९:४४)

मित्राच्या गाडीत बसून या एकदा. ते रबरासारखे पिळले जात नाहीत, आतल्या बाहीवर फिरतात, म्हणून त्यांना त्यांचं खास ग्रीस लागतं. वाळलं की कुंईकुंई. स्टिअरिंग नेमकं वाटतं हे खरं, पण रस्त्याचा प्रत्येक खडा तळव्याला कळतो. फिरते असल्याने कोणत्या उंचीला आवळले याचा त्यांना फरक पडत नाही, एवढा एक फायदा. रोज ऑफिसला जायच्या गाडीत रबरच बरं.

कोथरूडचा_आळशी (सकाळी १०:०५)

विषयांतर करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा. मी आमच्या गल्लीतला टेपने मोजला. रुंदी ५२ सेंटिमीटर. उंची लिहीत नाही.

सुतळीबॉम्ब (सकाळी १०:१२)

आळशी माणूस टेप घेऊन रस्त्यावर उतरला, याचीच बातमी व्हायला हवी.

धायरीचा_खडखडाट (बुधवार, रात्री ८:३०)

अलाइनमेंट झाली. आमच्या गाडीत पुढे फक्त 'टो' (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) जुळवता येतो, तो बराच बाहेर होता, म्हणून टायर आतून गेला होता. कॅम्बर (चाकाचा उभा कल) मापात निघाला. ब्रेक दाबताना डावीकडे ओढणं बंद. टक्-टक् गेली. नवले पुलाच्या उतारावरून आलो, स्टिअरिंग एका हाताने धरता येतंय (धरलं नाही, पाहुणेसाहेब).

कापलेला जुना बुश टेबलावर ठेवलाय. रबर नेमकं पिळाच्या दिशेने तिरकं फाटलंय, काका म्हणाले तसं. गॅरेजवाल्याला नेऊन दाखवला. तो म्हणाला, "आम्ही वीस वर्षं असंच करतोय." मी म्हटलं, पुढच्या वेळी एकदा खाली उतरवून आवळून बघा. त्याने बुश हातात घेऊन बराच वेळ फिरवला, काही बोलला नाही. परतही दिला नाही.

कोथरूडचा_आळशी (रात्री ८:४१)

तुमच्याकडचा तो पाइपचा तुकडा आणि रॉड या रविवारी मिळेल का? माझी गाडी पण तेच बोलतेय.

धायरीचा_खडखडाट (रात्री ८:४४)

या की. फक्त दोनच्या आत या. आणि ठोकळे तुमचे तुम्ही आणा, माझे सेक्रेटरींनी कुंड्यांखाली घातलेत.